बंद वाट, चालती वाट

माढ्यास आमच्या घरीं लिनक्सचा संगणक आहे. एके रात्रीं तारेचें इंटरनेट बंद पडलें; ताईच्या परीक्षेच्या अर्जाची तीच शेवटची रात्र! वडिलांचा मोबाइल वायफायनें जोडला, तरी संगणक सारी माहिती तारेकडेच धाडी. जवळच कुर्डुवाडीस पंढरपूरची व लातूरची वाट फुटते. तेथें सांधा बदलल्याविना गाडी वळेल काय? 'आयपी रूट' हा आदेश देऊन मीं मार्गांचा तक्ता पाहिला. बाहेरचे मार्ग दोन; ज्याचा 'मेट्रिक' अंक लहान, तोच संगणक आधीं धरतो. तारेचा अंक १००, मोबाइलचा ६००! तारेचा बाहेरचा मार्ग तेवढा काढून टाकिला; घरांतल्या प्रिंटरची नोंद निराळी, ती राहूं दिली. अर्ज गेला. संगणक पुन्हां सुरू होतांच जुना तक्ता परत येतो, म्हणून तो आदेश वहींत टिपून ठेविला आहे.