वीतभर अंतर

माणसाला जन्मात ज्या निवडी कराव्या लागतात, त्यांच्या यादीत फ्लॅशच्या ब्रॅकेटला कुणी स्थान देईल असे मला वाटत नाही. घर, व्यवसाय, जोडीदार या मोठ्या गोष्टी झाल्या. फार तर चष्म्याची चौकट त्यांच्या शेपटाला लागेल. तथापि गेले तीन आठवडे या एका वस्तूपायी मी जेवढा विचार केला, तेवढा स्वतःच्या लग्नाच्या वेळीही केला नव्हता.

ही वस्तू म्हणजे अॅल्युमिनियमचा एक सांगाडा. त्याच्या तळपट्टीवर पाव इंची स्क्रूने कॅमेरा घट्ट बसवायचा, आणि एरवी कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसणारा फ्लॅश सांगाड्याच्या भुजेवर, भिंगापासून वीतभर उंच चढवायचा. एवढेच तिचे काम. मराठीत ब्रॅकेटला आपण कंस म्हणतो. त्यामुळे माझी धाकटी भाची मला म्हणाली, "मामा, म्हणजे तू आता खराखुरा कंसमामा होणार!" तिचे लग्न येत्या मार्गशीर्षात आहे, आणि सारा खटाटोप त्यासाठीच चालला आहे.

तिच्या थोरल्या बहिणीचे लग्न 2016 सालच्या वैशाखात झाले. डिजिटल एसएलआर कॅमेरा मी तेव्हा नुकताच घेतला होता. नवरीला बोहल्यावर नेण्याचे मामाचे कर्तव्य आटोपले, की मी कॅमेरा गळ्यात घालून मांडवभर हिंडण्यास मोकळा होत असे. कार्यालयाच्या एका भिंतीशी खुर्चीवर माझी आई बसली होती. नवरी तिच्या पाया पडली. आईने तिचे तोंड दोन्ही ओंजळींत धरले आणि ती नुसती पाहत राहिली. मी कॅमेरा उभा धरला आणि उत्साहाच्या भरात ओरडलो, "आई, इकडे बघ!" दोघींनी वळून पाहिले. कॅमेऱ्यातूनच वर येणारा चिमुकला फ्लॅश लखकन चमकला.

त्या छायाचित्रात नवरीचे डोळे लाल इंगळासारखे आले आहेत. शेजारच्या भिंतीवर एक काळीकुट्ट सावली, जणू कुणी तिसरेच माणूस आगंतुकासारखे उभे आहे. आणि आईच्या चष्म्याच्या दोन्ही काचांवर दोन पांढरे ठिपके. त्यांच्यामागे तिचे डोळे नाहीतच. त्याच वर्षी आषाढात आई गेली. तिचे शेवटचे छायाचित्र हेच. भिंतीवर लावण्याची वेळ आली तेव्हा आम्हांला वीस वर्षांपूर्वीचे एक छायाचित्र शोधून काढावे लागले.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता, हे मला पुढे उमगले. प्रकाश भिंगाच्या अगदी शेजारून निघाला, की तो बाहुलीतून आत शिरतो, डोळ्याच्या रक्ताळ पडद्यावर आपटतो आणि आल्या वाटेने परत भिंगात येतो. अंधूक कार्यालयात बाहुल्या विस्फारलेल्या असतात, म्हणून हा रंग अधिकच चढतो. समोर वळलेला चष्माही प्रकाशाला तसाच माघारी पाठवतो. कॅमेरा उभा धरला म्हणजे माथ्यावरचा फ्लॅश कुशीला जातो आणि सावली दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर फेकली जाते. तोच प्रकाश वीतभर वरून आला तर त्याची परतीची वाट भिंगाला चुकवून निघून जाते आणि सावली माणसाच्या पाठीमागे खाली पडते. चष्म्याच्या बाबतीत मात्र मान किंचित खाली घ्या, असे सांगावे लागतेच. वीतभर उंचीने सर्व पापे धुतली जात नाहीत.

जुन्या लोकांना हे ठाऊक होते. 1887 साली जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची भुकटी पेटवून क्षणभर दिवस उजाडण्याची युक्ती काढली. 1930 च्या सुमारास काचेच्या गोळ्यातील फ्लॅश आला. त्या काळच्या वृत्तपत्री छायाचित्रकारांच्या स्पीड ग्राफिक कॅमेऱ्याच्या बाजूला तो दांड्यावर बसवलेला असे. होमाई व्यारावाला (1913–2012) याच जातीचा अवजड कॅमेरा घेऊन दिल्लीतील समारंभांत वावरत असत. पुढे यंत्रे लहान झाली, फ्लॅश भिंगाला चिकटला, आणि सोय वाढली तशी ही जुनी शहाणीव मागे पडली.

मुंबईच्या फोर्टातील बोरा बाजारात मी तीन तऱ्हा पाहिल्या. पहिली साधी सरळ पट्टी: स्वस्त आणि हलकी, पण कॅमेरा आडवा धरला की फ्लॅश बाजूलाच राहतो, आणि ती माझ्या कॅमेऱ्याच्या बॅटरीचे झाकणही अडवीत होती. दुसरीची भुजा मुडपते: कॅमेरा उभा केला, की हाताने भुजा वळवून फ्लॅश पुन्हा भिंगाच्या माथ्यावर आणायचा. तिसरीत फ्लॅश जागचा हलत नाही; कॅमेराच चौकटीत फिरतो. तिन्हींत कॅमेऱ्यापासून फ्लॅशपर्यंत एक वेटोळी वायर लागतेच, नाहीतर प्रकाश किती हवा हे कॅमेरा त्याला सांगू शकत नाही.

दुकानदाराने तिसरी माझ्या हाती दिली. "साहेब, यापेक्षा चांगली मिळणार नाही," तो म्हणाला, आणि ते खरेही होते. कॅमेरा, भिंग, फ्लॅश मिळून ओझे दोन किलोंच्या पुढे गेले. सहज दुकानातील आरशाकडे नजर गेली. एखाद्या घरावर जप्ती आणावी तसा मी दिसत होतो. हे धूड समोर उभे राहिले असते तर आईने प्रथम पदर सारखा केला असता, नातीच्या तोंडावरचे हात काढून मांडीवर ठेवले असते आणि शाळेतल्या मुलीसारखी ती ताठ बसली असती. सावली गेली असती, डोळे दिसले असते. पण त्या डोळ्यांत काय उरले असते? मी मधली, मुडपणाऱ्या भुजेची तऱ्हा घेतली.

आज कॅमेऱ्यांतून आरसाच नाहीसा होत चालला आहे, ते अंधारातही पाहू शकतात, आणि फ्लॅश बिनतारी झाले आहेत. माझी खरेदी जुन्या वळणाची आहे, हे मला कबूल आहे.

घरी आल्यावर सरावासाठी मी ताईला समोर बसवले. नवरीची आई ती. तिच्याही डोळ्यांवर आता जाड चष्मा आहे. या खेपेस मी "इकडे बघ" म्हटले नाही. ती लग्नाच्या याद्या चाळीत होती, धाकटी काहीतरी विचारायला आली, आणि ताईने मान किंचित खाली घालून चष्म्यातून तिच्याकडे पाहिले. मी कळ दाबली. भिंतीवर सावली नव्हती, आणि चष्म्याच्या काचा स्वच्छ होत्या.

ताईने कॅमेरा हातात घेऊन पाहिले. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, हे आईचे डोळे आहेत."