पावसाळ्यातला मेळघाट

परतवाडा सोडले की थोड्याच वेळात वऱ्हाडची काळी सपाट जमीन संपते आणि समोर गाविलगडचे डोंगर भिंतीसारखे उभे राहतात. सातपुड्याची ही दक्षिणेकडची बाजू. ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. खाली कपाशीवर ऊन पडलेले आणि वर डोंगरमाथा ढगात बुडालेला. पावसाळी वारे या भिंतीला अडून वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावर बरसतात. त्यामुळे खालचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो त्या दिवशीही चिखलदऱ्याला सर येऊन जाते. शाळेत आम्ही हे फळ्यावर आकृती काढून शिकवतो. घाटात गाडीच्या काचा पांढऱ्या झाल्या तेव्हा मागून धाकटीने विचारले, "अब्बू, हम बादल के अंदर हैं क्या?" आकृतीपेक्षा तिला ते लवकर समजले.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंचावर आहे. भीमकुंड, देवी पॉईंट, पंचबोल ही ठिकाणे सगळेच पाहतात, आम्हीही पाहिली. सुटीच्या दिवशी तिथे धबधब्यापेक्षा गाड्यांमधल्या गाण्यांचा आवाज मोठा असतो. गवळ्यांकडचा ताजा खवा मात्र जरूर घ्यावा. अम्मींनी तर घरासाठी वेगळा बांधून घेतला.

गर्दीला कंटाळून दुपारी आम्ही गाविलगड किल्ल्यावर गेलो. तिथे पावसाळ्यात फारसे कोणी चढत नाही. बहमनी सुलतान अहमदशाह वली यांनी १४२५ च्या सुमारास हा किल्ला बांधला आणि पुढे १४८८ मध्ये फतहुल्लाह इमादुल्मुल्क यांनी त्याची डागडुजी केली. वऱ्हाडची इमादशाही स्थापन करणारे ते हेच. विजयनगरच्या मुलखात हिंदू घरात जन्मलेला एक मुलगा लढाईत पकडला जातो, वऱ्हाडात मुसलमान म्हणून वाढतो आणि शेवटी त्याच प्रदेशाचा सुलतान होतो, असे फरिश्ता हा इतिहासकार सांगतो. किल्ल्याच्या दरवाज्यावर दोन डोक्यांच्या पक्ष्याचे, गंडभेरुंडाचे, शिल्प आहे. हे चिन्ह विजयनगरच्या नाण्यांवरही आढळते. त्या मुलाने आपल्या गावाकडची आठवण दगडात कोरून घेतली असेल का, यावर आम्ही बराच वेळ बोलत उभे होतो. उंचावरच्या मशिदीच्या कमानी अजून उभ्या आहेत, पण बराच भाग पडला आहे आणि दगडांच्या सांध्यांतून झाडे उगवली आहेत. पाऊस हळूहळू ती इमारत उतरवतो आहे. किल्ल्यावरचे तलाव मात्र काठोकाठ भरलेले होते. इंग्रजांच्या वेलस्लीने हा किल्ला १५ डिसेंबर १८०३ रोजी घेतला, तोही उत्तरेकडच्या डोंगरांतून तोफा ओढून आणून. जुलै-ऑगस्टच्या चिखलात त्या तोफा तिथपर्यंत पोचल्याच नसत्या.

दुसऱ्या दिवशी घटांगमार्गे सेमाडोहकडे निघालो. इथून खरे जंगल सुरू होते. १९७३-७४ मध्ये देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाले, त्या पहिल्या नऊपैकी मेळघाट एक. पावसाळ्यात गाभ्याचे जंगल पर्यटकांसाठी बंद असते, त्यामुळे वाघाची आशा धरून या दिवसांत येऊ नये. सागासाठी यावे. उन्हाळ्यात हा डोंगर काड्यांच्या भाऱ्यासारखा उघडा असतो आणि आता प्रत्येक फांदीवर सुपाएवढी पाने, शेंड्याला पांढऱ्या फुलांचे तुरे. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की हात लाल होतो. मुलींनी मेंदी म्हणून चोळले, मग अम्मींनीही.

सागाच्या मोठ्या पानांवर पाणी साचते आणि मोठमोठ्या थेंबांनी खाली पडते. खाली गवत, बांबू, पालापाचोळा असेल तर तो मार जमिनीला लागत नाही, पाणी मुरते. वणव्याने खालचे रान जळून गेले असेल तर तेच थेंब माती खणून नेतात. म्हणजे नुसता साग उभा असून भागत नाही. शहानूर आणि चंद्रभागा या नद्या याच डोंगरातून वऱ्हाडात उतरतात आणि त्यांच्या धरणांचे पाणी खालच्या गावांना मिळते. डोंगरावर माती राहिली तर ती धरणे गाळाने लवकर भरणार नाहीत.

कोलकासजवळ सिपना नदी लागते. लाल पाण्याने दुथडी भरलेली होती, म्हणून पुलावरूनच पाहिली. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. कोरकू म्हणजे 'माणसे'. ही भाषा मराठीची किंवा हिंदीची बहीण नव्हे. तिचे नातेवाईक दूर झारखंडकडे, मुंडारी आणि संथाली. दोन भाषा शिकवून पोट भरणाऱ्या आम्हाला याचे फार अप्रूप वाटले.

पुढे सर इतकी जोरात आली की गाडी थांबवून रस्त्याकडेच्या एका अंगणवाडीच्या पडवीत शिरलो. सेविकाबाईंनी सतरंजी टाकली. आमच्या घरांत पावसाला रहमत म्हणतात, असे अम्मी त्यांना सांगत होत्या. बाई म्हणाल्या, "आमच्याकडे हेच महिने कठीण, आजी." मागच्या वर्षीचे धान्य संपत आलेले, नवे अजून शेतात. आई दिवसभर निंदणीला, तान्हे मोठ्या बहिणीच्या कडेवर. नाल्याला पूर आला की दवाखान्याची वाट बंद, आणि हगवण, न्यूमोनिया याच दिवसांत. मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी १९९३ मध्ये राज्यभर पोचली. तेव्हापासून किती समित्या आल्या आणि किती योजना निघाल्या. पूल मात्र अजून सगळ्या नाल्यांवर झालेले नाहीत. अम्मी काही बोलल्या नाहीत. पिशवीतला खवा काढून त्यांनी बाईंच्या हातात दिला.

तेवढ्यात एक आई छत्रीखाली दीडेक वर्षाचे मूल घेऊन आली. बाईंनी ते काट्याच्या झोळीत बसवले. मूल रडले, झोळी हलली, काटा थरथरला. बाई तो स्थिर होण्याची वाट पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोनशे ग्रॅम वाढलं." रजिस्टरमध्ये आकडा लिहिला, त्या आईला कोरकूत काहीतरी सांगितले आणि घाईने पडवी आवरू लागल्या. नाला चढायच्या आत त्यांना पलीकडच्या पाड्यावर पोचायचे होते.