आतड्यातलं शेजारपण

मला क्रोन्स आहे असं सोलापुरात मित्रांना सांगितलं की पहिला प्रश्न, "काय बे, बाहेरचं लई खातो का?" दुसरा, "टेन्शन घेतो का?" आजी मात्र मुद्द्याचं विचारते: "कुठला जंतू शिरलाय?"

जंतू शिरलेला नाही, हेच समजावणं अवघड. सुरुवातीला डॉक्टरांना आतड्याच्या टीबीची शंका होती. आपल्याकडे ती रास्तच. दुर्बिणीतून दोन्हींचे व्रण इतके सारखे दिसतात की कित्येकांना आधी टीबीच्या गोळ्या देऊन बघतात. मलाही दिल्या. लघवी केशरी झाली, जुलाब तसेच. टीबीत शत्रू बाहेरून आलेला असतो. क्रोन्समध्ये शरीर स्वतःच्याच भाडेकरूंवर उठतं.

हे भाडेकरू अब्जावधी. आपल्याला न पचणारे तंतू आंबवून ते ब्युटिरेट बनवतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यावर जगतात, शिवाय नियामक टी पेशी, म्हणजे भांडण आवरणाऱ्या पांढऱ्या पेशी, तयार व्हायला त्याची मदत होते. या पेशी इंटरल्यूकिन-10 सोडून बाकीच्यांना शांत ठेवतात. ज्यांच्यात इंटरल्यूकिन-10 बनतच नाही अशा उंदरांची आतडी सुजतात, हे 1993 मध्ये दिसलं. पुढे तसेच उंदीर पूर्ण निर्जंतुक जागेत वाढवले, तर सूज आलीच नाही! हे मी तीनदा वाचलं. दोष एकट्या जिवाणूंचा नाही, एकट्या पेशींचाही नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्या गटानं एकत्र कुटुंबांतल्या तीन पिढ्यांचे आतड्यातले जिवाणू तपासले होते; वयाप्रमाणे ते बदलत जातात. आमच्याकडेही तीन पिढ्या, एक चूल, तीच कडक भाकरी, तीच शेंगा चटणी. आजार मला एकट्याला. भाकरीतले तंतू जिवाणूंचं अन्न, पण आतडं सुजून अरुंद झालं की तेच अडकतात. मग महिनाभर मऊ भात. गड्ड्याच्या जत्रेत मित्र भजी खातात, मी आधी संडास कुठंय ते बघून ठेवतो.

आता दर दोन आठवड्यांनी मांडीत इंजेक्शन घेतो. टीएनएफ नावाचा सूज भडकवणारा रेणू ते रोखतं. पण त्यानं झोपलेला टीबी जागा होऊ शकतो, म्हणून आधी पुन्हा टीबीच्याच तपासण्या! एप्रिलच्या उन्हात ते बर्फाच्या डब्यातून घरी आणावं लागतं. फ्रीजमध्ये त्याची जागा विरजणाच्या भांड्याशेजारी. आजी त्याला हात लावत नाही.