दोन लिपींच्या भिंतीपाशी

आज पुन्हा आमच्या बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत गेलो. आदिलशाह फारुकीने ती बांधली आणि आत अरबीसोबत संस्कृत शिलालेखही कोरून घेतला, शके 1511चा, तिथी-नक्षत्रासह. ती अक्षरं बघताना मला नेहमी थोडं बरं वाटतं. का, ते नीट सांगता येत नाही.

दुपारी जळगावच्या मावशीचा फोन होता. "'करून राहिलो' म्हणजे काय रे? 'करतोय' म्हण!" ती हसली, मीही हसलो. इकडे बाजारात मराठी बोललो की दुकानदार विचारतो, "महाराष्ट्र से हो?" तिकडे रावेरला उतरलो की लोक विचारतात, "तुम्ही एमपीचे का?" आजोबांना हा प्रश्न कुणी विचारला नसेल. त्यांच्या तरुणपणी बुऱ्हाणपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. 1 नोव्हेंबर 1956 ला नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. घर हललंच नाही.

रहीम खानखाना याच शहरात सुभेदार होता. त्याने बाबरनामा तुर्कीतून फारसीत आणला, दोहे मात्र ब्रजात लिहिले. त्याला कुणी 'तू नेमका कुठला' म्हणून टोकलं असेल का? पण त्याच्या हाताशी फौज होती, माझ्याकडे फक्त ही वही.

वहीतही गंमत आहे. हिशेब हिंदीत, कविता मराठीत. आणि रागावलो की? मघाशी लाइट गेली तेव्हा तोंडून निघालं ते निमाडी होतं.