घोड्याचा वास

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून पुतणी आली होती. तिने पर्समधून एक चौकोनी बाटली काढली आणि माझ्या मनगटावर फवारा मारला. "काका, ओळखा बघू! बायका-पुरुष दोघांनाही चालतं हे. घोडे आणि रानमाळ अशी कल्पना आहे यामागे."

मी मनगट नाकाशी नेले. कातडे, वाळलेले गवत आणि मागे कुठेतरी घाम. क्षणात मी धारच्या आमच्या परसातल्या तबेल्यात जाऊन उभा राहिलो.

धार आणि देवास ही पवारांची गावे. देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये शेजारी शेजारी नांदली. मराठी माणूस माळव्यात आला तो घोड्यावरून. माझे आजोबा धारला पागेत खरारा करीत. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले, पागेचे दिवस सरले. वडिलांनी मग टांगा चालवला.

शाळेत एकदा शेजारचा मुलगा नाक दाबून बाकावर लांब सरकला. त्या दिवसापासून मी दोनदा साबण लावू लागलो. वडील मला न्यायला टांगा घेऊन फाटकाशी येत. मी त्यांना सांगितले, "उद्यापासून कोपऱ्यावर थांबा." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी टांगा कोपऱ्यावर उभा होता.

पुढे वाचनात आले, की वाळत्या गवताला गोड वास येतो तो कुमारिन नावाच्या द्रव्यामुळे. विल्यम पर्किन या रसायनशास्त्रज्ञाने १८६८ साली ते प्रयोगशाळेत तयार केले आणि गवताचा वास बाटलीत उतरण्याची वाट मोकळी झाली. आपल्याकडे तर हे जुनेच. निमाड-खानदेशातल्या रोशा गवताचे तेल गुलाबासारखे दरवळते; एके काळी ते मुंबईहून परदेशी जाऊन गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई.

राहिले बायका-पुरुषांचे. हळदीकुंकवाला आणि लग्नाच्या मांडवात अत्तरदाणी एकच फिरते. दसऱ्याला आमच्या दारात घोड्याची पूजा होई. वडील वाळ्याच्या अत्तराचा फाया आपल्या कानात ठेवीत, आईच्या मनगटाला बोट लावीत आणि उरलेले घोड्याच्या आयाळीला पुसत. तिघांना एकच वास.

"किंमत किती गं?" मी विचारले. तिने सांगितली. वडिलांच्या महिन्याच्या चंदीचा खर्च त्यापुढे काहीच नव्हता.

"आवडला का वास?" तिने विचारले. मी म्हणालो, "ओळखीचा आहे."

त्या दिवशी जेवताना डावे मनगट मी ओले होऊ दिले नाही. वडील जाऊन बरीच वर्षे झाली. कोपऱ्यावरच्या टांग्याची गोष्ट पुतणीला सांगण्याचा धीर झाला नाही. ती आज इथे लिहितो आहे.