कॅनडाचे कपाट

गेल्या जूनमध्ये रिसोडहून एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता तिकडच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. "सर, यंदा ऐच्छिक पेपरात कॅनडाचं साहित्य घ्यायचं आहे. दहा पुस्तकांची यादी द्याल का? पण सगळी एका वळणाची नकोत." फोन ठेवला तेव्हा हे दहा मिनिटांचे काम वाटले होते. वाशीम जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात हा विषय अधूनमधून शिकवण्यात माझी वीसहून अधिक वर्षे गेली आहेत. दहा काय, तीस नावे मी एका बैठकीत लिहिली. मग ती यादी पुन्हा वाचताना ध्यानात आले, की तीतली बहुतेक पुस्तके मी आजवर कुणाच्याही हातात दिलेली नाहीत. त्यांची नावे तेवढी फळ्यावर लिहीत आलो आहे.

आमच्या ग्रंथालयात अगदी शेवटच्या ओळीत एक लोखंडी कपाट आहे. त्याचा वरचा दीड कप्पा कॅनडाचा. खाली जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे. पोरे त्याला 'कॅनडाचे कपाट' म्हणतात. या दीड कप्प्यात विकत घेतलेली पुस्तके थोडी, झेरॉक्स काढून बांधलेली अधिक. एके काळी आपल्याकडे कॅनडाच्या अभ्यासाला बरे दिवस होते. शास्त्री इंडो-कॅनेडियन इन्स्टिट्यूट १९६८ मध्ये स्थापन झाली, बडोद्यासारख्या विद्यापीठांत त्या अभ्यासाची केंद्रे निघाली, चर्चासत्रे होऊ लागली. परदेशांतील अशा अभ्यासाला साहाय्य करणारा कार्यक्रम कॅनडा सरकारने २०१२ मध्ये बंद केला. आमच्यासारख्या आडबाजूच्या कपाटापर्यंत ती ओल तशीही क्वचितच झिरपत असे, त्यामुळे ती आटल्याचे आम्हांला उशिराच कळले.

माझ्या उमेदवारीच्या काळात मी कॅनडा शिकवीत असे तो मार्गरेट अ‍ॅटवूड यांच्या 'सर्व्हायव्हल' (१९७२) या समीक्षाग्रंथाच्या आधाराने. त्याच्या जोडीला नॉर्थ्रप फ्राय यांनी १९६५ मध्ये मांडलेली तटबंदीच्या मनोवृत्तीची कल्पना. बर्फ, अरण्य, एकाकी वस्ती, तग धरून राहणे. विद्यार्थी हे शब्द पाठ करीत आणि उत्तरपत्रिकेत जागा मिळेल तेथे ठेवून देत. एकदा मे महिन्यात, पंखा बंद पडलेल्या वर्गात, मागच्या बाकावरून प्रश्न आला : "सर, थंडीत जगण्यावर एवढं साहित्य होते, तर मग आपल्या उन्हाळ्यावर का नाही?" वर्ग हसला. मीही हसलो, पण प्रश्न मात्र घरी घेऊन गेलो.

अ‍ॅटवूडबाईंचा ग्रंथ त्यानंतर पुन्हा वाचला तेव्हा आधी निसटलेली गोष्ट दिसली. मूळ खटाटोप एका साध्या शंकेचे उत्तर देण्याचा होता : कॅनडाचे म्हणून काही साहित्य आहे का, आणि असल्यास कोणती पुस्तके वाचावीत? म्हणून तर प्रकरणांच्या शेवटी वाचायच्या पुस्तकांच्या छोट्या-मोठ्या याद्या दिलेल्या आहेत. १९७२ साली कॅनडातल्या शिक्षकालाही, लंडन आणि न्यूयॉर्क यांच्या सावलीत बसून, आपल्या घरची पुस्तके कुणीतरी सुचवावी लागत होती. वऱ्हाडातल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. विदर्भ साहित्य संघ १९२३ साली अमरावतीत स्थापन झाला, त्यामागे पुण्या-मुंबईकडे बघत राहण्याचा असाच काहीसा कंटाळा असणार.

त्या वर्षापासून मी अरण्य बाजूला ठेवले आणि मार्गरेट लॉरेन्स यांची 'द स्टोन एंजल' (१९६४) ही कादंबरी उद्धव शेळके यांच्या 'धग'च्या (१९६०) शेजारी ठेवून वाचायला दिली. हा मेळ पहिल्यांदा मलाच धाडसाचा वाटला होता. हेगर शिप्ली नव्वदीची, मॅनावाका या कल्पित गावातल्या दुकानदाराची ताठ मानेची मुलगी. बापाने आईच्या थडग्यावर मोठा खर्च करून दगडी देवदूत उभारलेला. आणि पोटचा धाकटा मुलगा गेल्यावरही हेगरला रडू फुटत नाही, तीही त्या रात्री दगडच होते. इकडे कौतिक. दारिद्र्य, महारोग झालेला नवरा, पोरांची पोटे, आणि तरीही कुणापुढे वाकायचे नाही हा हट्ट. हेगरचा अभिमान तिच्या माणसांना तिच्यापासून तोडतो, कौतिकचा अभिमान तिच्या माणसांना जगवतो. हा भेद मी वर्गात मोठ्या आवेशाने मांडीत असे. एका मुलीने तो मोडून काढला. ती म्हणाली, "कौतिक नव्वद वर्षं जगली असती तर तिच्या सुनेला विचारा." उभ्या वर्गाला आपापल्या घरची आजी आठवली. यादीतले पहिले नाव म्हणून आजही मी हीच कादंबरी लिहितो.

रोहिंटन मिस्त्री यांचे नाव तर सारेच सुचवतात. 'सच अ लाँग जर्नी' (१९९१) ही कादंबरी २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून काढली गेली, तेव्हा आमच्याकडे तिच्या झेरॉक्सची मागणी एकाएकी वाढली होती. (पुस्तक सुचवण्याची ही पद्धत सर्वांत परिणामकारक आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते.) पण खरे सांगायचे तर आमच्या मुलांना खोदादाद बिल्डिंग टोरांटोइतकीच लांब वाटते. त्यांच्यापर्यंत पोचली ती 'टेल्स फ्रॉम फिरोजशा बाग' (१९८७) या संग्रहातली शेवटची कथा, 'स्विमिंग लेसन्स'. मुलगा टोरांटोत, आईबाप मुंबईत. मुलाच्या पत्रांत काहीच नसते, म्हणून आई कष्टी. मग एके दिवशी त्याच्या कथांचे बाडच टपालाने येते आणि दोघे वृद्ध ते वाचू लागतात. आपल्या मुलाने आपल्याच इमारतीतल्या माणसांवर लिहिले आहे, याचे त्यांना नवल, थोडा अभिमान, थोडी धास्ती. पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाची वाट पाहणारे आईबाप ज्या वर्गात निम्म्या घरांत आहेत, तेथे ही कथा निराळी समजावून सांगावी लागत नाही.

स्टीफन लीकॉक यांचे 'सनशाइन स्केचेस ऑफ अ लिटल टाऊन' (१९१२) चिं. वि. जोशींवर वाढलेल्या वाचकाला बिनदिक्कत द्यावे. मॅरिपोसा हे गाव त्याला सहज ओळखू येईल. यान मार्टेल यांच्या 'लाइफ ऑफ पाय'बद्दल मी लिहिण्याची गरज नाही. त्याच मार्टेल यांनी २००७ पासून जवळजवळ चार वर्षे आपल्या पंतप्रधानांना, स्टीफन हार्पर यांना, दर पंधरवड्याला एक पुस्तक पत्रासह पाठवले. आरंभ टॉलस्टॉयपासून केला होता. हार्पर यांचे स्वतःचे उत्तर एकदाही आले नाही. माझ्या ओळखीच्या प्रत्येक शिक्षकाला हा अनुभव परिचयाचा असेल, फरक इतकाच की आमचे पंतप्रधान तिसऱ्या बाकावर बसलेले असतात.

आता ज्या नावापाशी माझी लेखणी अडली ते नाव. अ‍ॅलिस मन्रो. २०१३ च्या नोबेलच्या पुष्कळ आधीपासून मी त्यांच्या कथा देत आलो, विशेषतः मुलींना. छोटे गाव, घरातले न बोललेले, वर्षांनी उलगडणारे एखादे वाक्य. 'रनअवे' ही कथा तर मी किती वेळा शिकवली असेल. कार्ला नवऱ्याला सोडून निघते, शेजारीण मदत करते, बसमध्ये बसूनही ती अर्ध्या वाटेवरून परतते. या परतण्याला मी 'संयत संदिग्धता' असे नाव दिले होते आणि ते मुलांच्या वह्यांत आजही असेल.

मन्रो मे २०२४ मध्ये वारल्या. जुलैमध्ये त्यांची धाकटी मुलगी अँड्रिया रॉबिन स्किनर यांनी 'टोरांटो स्टार'मध्ये लिहिले, की १९७६ मध्ये, आपण नऊ वर्षांच्या असताना, सावत्र वडिलांनी आपले लैंगिक शोषण केले. १९९२ मध्ये आपण ते आईला पत्राने कळवले. आणि आई त्यानंतरही त्यांच्याबरोबरच राहिली. २००५ मध्ये त्या गृहस्थाने न्यायालयात गुन्हा कबूलही केला होता. म्हणजे मी वर्गात संदिग्धतेचे कौतुक करीत होतो तेव्हा, त्या घरापुरती तरी, संदिग्ध असे काहीच उरलेले नव्हते.

आमच्या शिक्षकवर्गात दोन मते पडली. एक सहकारी म्हणाले, कलाकृती आणि कर्ता वेगळे, हे तर आपण पहिल्याच वर्षी शिकवतो. दुसऱ्या म्हणाल्या, ते शिकवणे सोपे आहे, मुलीची आई होऊन ते वाचणे सोपे नाही. मला दोघांचेही पूर्ण पटले नाही. कथा वाईट झाल्या असे मी म्हणू शकत नाही; 'रनअवे' पुन्हा वाचली आणि ती अधिकच चांगली, अधिकच भयंकर वाटली. पण पुस्तक सुचवणे ही समीक्षा नव्हे. कुणीतरी माझ्यावर विश्वास टाकून ते घरी नेते, आणि त्या घरात काय घडते आहे ते मला ठाऊक नसते. आमच्या वर्गातही परत गेलेल्या, परत पाठवलेल्या मुली असतात. तेव्हा मन्रो यांचे नाव मी यादीत ठेवले आहे, पहिल्या पाचांतून मात्र काढले आहे. आणि पुस्तक देताना ही हकिकत सांगितल्यावाचून यापुढे देणार नाही. हा निर्णय भित्रा आहे असे वाटणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही.

शेवटचे पुस्तक मारिया कॅम्बेल यांचे 'हाफब्रीड' (१९७३). मेटी समाजातल्या स्त्रीचे आत्मकथन. १८८५ चा लढा हरल्यावर आणि जमिनी गेल्यावर ही माणसे सरकारी रस्त्यांच्या कडेच्या पट्ट्यांवर खोपटी बांधून राहू लागली, आणि त्यांना नावही त्या पट्ट्यांवरूनच पडले. हे पुस्तक मी मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरून येणाऱ्या मुलाला साधारण २००६ मध्ये दिले होते. तो 'उपरा' आणि 'उचल्या' वाचून आला होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याविषयी त्याला माझ्याहून अधिक माहिती होती. चार दिवसांनी येऊन त्याने सांगितले, की गायरानाच्या कडेला राहणे म्हणजे काय ते या बाईला ठाऊक आहे. लढ्यातला पराभव कधीही न स्वीकारणारी तिची पणजी चीचम त्याला इतकी आवडली, की तो पुढे पोहरादेवीच्या यात्रेत भेटला तेव्हाही तिच्याबद्दलच बोलत होता. तो आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, आणि चीचमच्या गोष्टी तांड्यावरच्या मुलांना गोरबोलीत सांगतो. कॅनडाच्या साहित्याचा वाशीम जिल्ह्यातला हा एकमेव खरा प्रसार, असे माझे मत आहे.

पण मी त्याला दिले ते पुस्तक अपुरे होते. चौदा वर्षांची असताना रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलिसांतल्या माणसाने केलेल्या बलात्काराचा मजकूर प्रकाशकाने १९७३ मध्ये लेखिकेच्या इच्छेविरुद्ध गाळला होता. ती हस्तलिखिताची पाने २०१८ मध्ये अ‍ॅलिक्स शील्ड आणि डिॲना रेडर या संशोधिकांनी उजेडात आणली. २०१९ मध्ये ती जागच्या जागी घालून नवी आवृत्ती निघाली. हे मला आणखी दोन वर्षांनी कळले. मधल्या काळात मी ते पुस्तक किती जणांना दिले, शिकवताना 'यातला निर्भय प्रामाणिकपणा' वगैरे किती बोललो, त्याची मोजदाद नाही.

नवी आवृत्ती मागवून मी त्याला फोन केला आणि सारे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, तिकडं पानं सांभाळून तरी ठेवली होती. आपल्या पुस्तकांतून जे गाळलं असेल ते कुठं ठेवलं असेल?" मला उत्तर सुचले नाही. पुस्तक मात्र तो दुसऱ्याच रविवारी येऊन घेऊन गेला.

रिसोडला शेवटी सात नावे पाठवली. आठव्या ओळीत 'धग' लिहिले आणि त्यापुढे कंसात, हे कॅनडाचे नाही याची मला कल्पना आहे, असे. तिचा उलट निरोप आला : यादी मिळाली, विभागात थोडी चर्चा झाली, पण 'हाफब्रीड' कुठेच मिळत नाही, तुमच्याकडे आहे का? आहे, पण ते अजून तांड्यावर आहे. परत आले की रिसोडच्या एस्टीने कुणाबरोबर तरी पाठवून देईन.