वाड्यांच्या मुलखातली टेकडी

डहाणूजवळचे कोसबाड हे काही गाजलेले पर्यटनस्थळ नव्हे. पण ज्यांचे मूल कधी घराजवळच्या अंगणवाडीत बसले असेल, त्यांनी एकदा तरी ही टेकडी पाहून यावी.

मुंबईहून सुरतेकडे निघालेली गाडी पालघर, बोईसर, वाणगाव मागे टाकते आणि डहाणू रोड ओलांडले की खिडकीबाहेरचा रंग बदलतो. पश्चिमेला ताड आणि सुरूच्या रांगा, त्यापलीकडे समुद्र. पूर्वेला भातखाचरे आणि त्यांच्यामागे निळसर डोंगर. मधल्या सपाट पट्ट्यात जिकडे पाहावे तिकडे गर्द, गोल माथ्यांची चिकूची झाडे. घोलवडचा चिकू नावाजलेला. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. चिकूच्या बागेला इथे ‘वाडी’ म्हणतात. पारशी-इराणी बागायतदारांच्या अशा कितीतरी वाड्या या भागात पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत.

घोलवड स्टेशनावर उतरून पश्चिमेला वळले की बोर्डीचा लांबच लांब, उथळ किनारा लागतो. सुट्टीत येणारी मंडळी बहुतेक तिकडेच जातात. पूर्वेला वळणारा रस्ता मात्र चिकूच्या वाड्यांतून वर चढू लागतो. वाटेत वारल्यांचे पाडे दिसतात. जुन्या पद्धतीची काही घरे अजून कारवीच्या कुडाची आहेत. शेणाने सारवलेले अंगण, एका कोपऱ्यात कोंबड्या, दुसऱ्या कोपऱ्यात वाळत घातलेले काहीबाही. चढ संपतो तिथे कोसबाडची टेकडी. स्वच्छ हवेत इथून एकीकडे समुद्राची रेघ दिसते, तर दुसरीकडे डोंगरांच्या रांगा.

या मुलखात चिकूची वाडी आहे, आंब्याची वाडी आहे. बालवाडी, अंगणवाडी आणि विकासवाडी या आणखी तीन वाड्यांची मशागतही इथेच झाली. त्यातल्या अंगणवाडीचे नाव आज काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत घेतले जाते.

भावनगरहून बोर्डीला

या गोष्टीची सुरुवात गुजरातेत होते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर सुरू केले. गिजुभाई पेशाने वकील, पण मुलांत असे रमले की लोक त्यांना कौतुकाने ‘मूंछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई म्हणू लागले. माँटेसरीबाईंची पद्धत भारतीय घरातल्या मुलांना मानवेल अशी करून घेणे, हा त्यांचा ध्यास. त्यांच्या या कामात ताराबाई मोडक येऊन मिळाल्या.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईतला. प्रार्थना समाजाच्या सुधारक वातावरणात त्या वाढल्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य म्हणून त्यांनी काम केले. अशी मानाची जागा सोडून त्या भावनगरला गेल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षण पत्रिका’ निघू लागली. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला.

शहरात बालशिक्षणाचा जम बसला. पण माँटेसरीची सुबक लाकडी साधने महाग होती. फी देऊ शकणाऱ्या घरांतलीच मुले या शाळांत येत. खेड्यातल्या मुलाचे काय, हा प्रश्न ताराबाईंची पाठ सोडीना. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी त्याचे उत्तर शोधायचे ठरवले आणि १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले.

मदतीला आल्या अनुताई वाघ. १९१० साली मोरगावला जन्मलेल्या अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य बहुधा माजघरात संपे. अनुताई शिक्षिका झाल्या. नोकरी सांभाळून रात्रशाळेतून १९३७ साली मॅट्रिक झाल्या आणि पुण्याच्या हुजूरपागेत शिकवू लागल्या. ताराबाईंच्या शब्दाखातर त्या बोर्डीला आल्या, त्या कायमच्याच. पुढची सत्तेचाळीस वर्षे, १९९२ साली देहावसान होईपर्यंत, हेच त्यांचे घर झाले. पदवी मिळवली तीसुद्धा कामाच्या रगाड्यात, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी.

मुले का येईनात?

बालवाडी उघडली म्हणजे मुले येतील, असे वाटणे साहजिक होते. पण गरीब वस्तीतली मुले येईनात. आली तरी टिकेनात. आईबापांना शिक्षणाची गोडी नाही, असे म्हणून हात झटकणे सोपे होते. या दोघींनी तसे केले नाही. त्या घरोघर जाऊन पाहू लागल्या.

काळही साधा नव्हता. बोर्डीला केंद्र सुरू झाले त्याच १९४५ साली ठाणे जिल्ह्याच्या या भागात वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला होता. गोदावरी परुळेकर आणि किसान सभा त्याच्या अग्रभागी होत्या. जमीनदार, सावकार आणि जंगलाचे ठेकेदार यांच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या नाडल्या गेलेल्या माणसांनी पांढरपेशा बायकांवर एकदम विश्वास तरी का ठेवावा?

शिवाय घरात अडचणी होत्याच. आईबाप पहाटेच मजुरीला जात. मुलाला उठवून, आंघोळ घालून, केस विंचरून शाळेत पाठवायला घरी कोण असणार? सहा-सात वर्षांची मुलगी असली तर तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. जरा मोठा मुलगा गुरे घेऊन रानात गेलेला असे. मूल शाळेत येत नव्हते, कारण त्या घराच्या गाड्यात त्याच्या वाट्यालाही काम होते.

मग मूल जिथे आहे तिथेच शाळेने जावे, असे ठरले. बाई आणि त्यांच्या सहकारी वस्तीवर जात. मुलांना हाका मारून गोळा करीत. हातपाय धुणे, नखे कापणे, केस विंचरणे इथूनच शाळा सुरू होई. मग कुणाच्या तरी सारवलेल्या अंगणातच गाणी, गोष्टी, खेळ. आजूबाजूला आजी, आत्या, शेजारणी उभ्या राहून पाहत. मुलाशी कसे बोलावे, त्याचे नाक-डोळे कसे स्वच्छ ठेवावेत, हे भाषणावाचूनच त्यांच्या नजरेखालून जाई. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. घर आणि शाळा यांच्यामधला उंबरठाच इथे काढून टाकला गेला.

एका छपराखाली तीन वये

१९५६-५७च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर आले आणि आदिवासी पाड्यांच्या अधिक जवळ गेले. इथे विकासवाडीची कल्पना आकाराला आली. तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर, तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी आणि त्यापुढच्या मुलांसाठी प्राथमिक शाळा, हे सारे एकाच आवारात.

वरवर ही नुसती सोय वाटते. पण त्यात मोठी मेख होती. शहरातले पाळणाघर नोकरी करणाऱ्या आईसाठी असते. कोसबाडचे पाळणाघर मोठ्या बहिणीच्याही उपयोगी पडणारे होते. कडेवरचे बाळ पाळण्यात ठेवले की तिचे हात पाटी धरायला मोकळे होत. बाळ जवळच असल्यामुळे तिचा जीवही टांगणीला लागत नसे. मोठीचे शिक्षण आणि धाकट्याचे संगोपन हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, एकाची गाठ सोडवल्याशिवाय दुसऱ्याची सुटत नाही, हे या टेकडीवर फार लवकर उमगले.

गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. मुले गुरे घेऊन जिथे जात तिथे शिक्षक साहित्य घेऊन पोहोचत. गुरे चरताहेत आणि झाडाखाली अक्षरे, आकडे चालले आहेत. गुरे पांगली की धडा थांबायचा. दिवसभर काम करणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग होते. शाळेच्या घंटेप्रमाणे मुलाला चालवण्याऐवजी मुलाच्या दिवसाप्रमाणे शाळा चालवायची, असा हा खाक्या होता.

साधनांचा प्रश्न रानानेच सोडवला. चिंचोके, गुंजा, शंख-शिंपले, खडे, पाने, फुले, माती आणि बांबू. मोजायला, जुळवायला, लहान-मोठे लावायला आणि रंग ओळखायला एवढे पुरे होते. महागड्या ठोकळ्यांमागचे तत्त्व घेतले आणि वस्तू अंगणातली वापरली. मुलांच्या दृष्टीनेही ते बरे झाले. पानाचे नाव, बीचा उपयोग, कोणते झाड कुठे उगवते, हे त्यांना बाईंपेक्षा अधिक ठाऊक असायचे. ज्या जागी मूल चार गोष्टी इतरांना सांगू शकते, तिथे बसायला ते बुजत नाही.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकाने इथले दिवस मराठी वाचकांच्या घरात नेले. नूतन बाल शिक्षण संघाचे नाव आजही या टेकडीशी जोडलेले आहे.

नाव देशभर गेले

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, ती ३३ प्रकल्पांपासून. गावपातळीवरच्या तिच्या केंद्राचे नाव अंगणवाडी. आज देशात अशा अंगणवाड्यांची संख्या तेरा लाखांच्या पुढे आहे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्याचे शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशी सहा कामे तिच्याकडे सोपवलेली आहेत.

या सहांतले आहाराचे काम सर्वांच्या डोळ्यांत भरले, आणि तेही अकारण नव्हे. कोसबाडपासून फार दूर नसलेल्या जव्हार तालुक्यात, वावर-वांगणी भागात १९९२ साली कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. उपाशी मुलाला गाणी शिकवून भागत नाही. पण घास भरवणे हेच काम मानले गेले आणि खेळ मागे पडला. कित्येक ठिकाणी अंगणवाडी म्हणजे खिचडी घेऊन घरी जाण्याची जागा झाली. सेविकेच्या हातात नोंदवह्या वाढत गेल्या, तशी गोष्ट सांगायला तिला सवड उरेना. जरा पैसा हाती आला की पालक मुलाला गणवेश-टायच्या ‘नर्सरी’त घालू लागले. तिथे तिसऱ्या वर्षीच पेन्सिल हाती देऊन अक्षरे गिरवून घेतली जातात. ताराबाईंनी ज्याच्याविरुद्ध जन्मभर लिहिले, तेच पैसे मोजून विकत घेतले जाते.

वारे थोडे फिरते आहे, हीही खरी गोष्ट. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला. अंगणवाडी आणि पहिली-दुसरी यांची सांगड घालायला सांगितले. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाच्या आत होते, असे त्यात नमूद आहे. २०२३ साली केंद्राने ‘पोषण भी, पढाई भी’ हा कार्यक्रम आणला. घास आणि गोष्ट पुन्हा एकाच पंगतीला बसवण्याचा हा प्रयत्न आहे. विकासवाडीत ही पंगत साठ-पासष्ट वर्षांपूर्वी मांडली गेली होती.

अंगणच हलते तेव्हा

कोसबाडचा धडा मात्र एवढ्यावर संपत नाही. या पट्ट्यातली अनेक आदिवासी कुटुंबे भातकापणीनंतर, दिवाळीच्या आसपास घराला कडी लावून मजुरीसाठी बाहेर पडतात. कुणी वीटभट्टीवर जातात, कुणी बांधकामावर. पावसाळ्याच्या तोंडाशी ती परततात. मुले बरोबरच असतात. अंगणवाडीच्या पटावर नाव असते, पण अंगणच शंभर किलोमीटर पलीकडे गेलेले असते.

वीटभट्टीवर मजुरांनी उभारलेल्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या. कुरणशाळेचेच हे नवे रूप. मूल का येत नाही, असे विचारायचे नि त्याचे उत्तर मिळेपर्यंत त्याच्या मागे चालत जायचे, ही कोसबाडची रीत जिथे पाळली गेली तिथे शाळा पोहोचली. जिथे नुसते नाव उचलले तिथे पाटी लागली. आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीत मुले कमी दिसली, तर गावाने, शाळेने आणि पालकांनी मिळून विचारायचा पहिला प्रश्न तोच आहे. आठवड्यातून एखादा तास जाऊन गोष्ट सांगणारी आजी किंवा डबाभर चिंचोके आणून देणारे आजोबा कोणत्याही गावात मिळू शकतात.

कसे जाल?

घोलवड हे पश्चिम रेल्वेवरचे छोटे स्टेशन, डहाणू रोडच्या पुढचे. मुंबईची लोकल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत येते. तिथून पॅसेंजर गाडीने किंवा रस्त्याने घोलवड गाठावे आणि पुढे रिक्षाने कोसबाड. पावसाळा सरता सरता, भात पोटरीत असताना टेकडी सर्वांत देखणी दिसते. बोर्डीचा किनारा, पारशांच्या इतिहासाशी जोडलेली बारडा डोंगरावरची बहरोटची गुंफा आणि चैत्रातली विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा, ही आसपासची आकर्षणे.

टेकडीवर जायचे तर एक पथ्य पाळावे. हे प्रेक्षणीय स्थळ नाही, मुलांची जागा आहे. आधी विचारून, त्यांच्या वेळेने जावे आणि फोटोची घाई करू नये. बरोबर लहान मूल असेल तर मात्र अवश्य न्यावे. चार खडे आणि मूठभर बिया हाती पडल्या की काय करायचे, ते त्याला सांगावे लागणार नाही.